हायस्कूलची जुनी इमारत जाणार, त्या जागी काय बांधावं? (खानापूर तालुका)

जांबोटीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबलचक आहे, वेळ काढून वाचा.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात. मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल आहे, आठवी ते दहावी. पटावर सव्वाशे-दीडशे मुलं, निम्मी तरी आजूबाजूच्या वाड्यांवरून येणारी. इमारत साठच्या दशकातली: नऊ खोल्या, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सलग पडवी. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या दोन वर्गांची भिंत पोट काढून उभी राहिली, वाशांना वाळवी लागलेली दिसली. तेव्हापासून आठवी देवळाच्या सभामंडपात भरते. भजनी मंडळाचा पखवाज फळ्याशेजारी टांगलेला असतो.

संस्थेच्या बैठकीत सगळंच पाडून नवं बांधायचं ठरत आलंय. एका कंत्राटदाराने नकाशाही आणला. दोन मजली आरसीसी, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग, दर्शनी भागाला निळी काच, वर पत्र्याची शेड. तालुक्याच्या गावी ज्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्यात, थेट तशीच. निम्मी कमिटी खूष आहे. मला पटत नाही, पण नुसतं 'नको' म्हणून कोण ऐकणार? पर्याय मांडावा लागेल.

अनुदान पगारापुरतं येतं, इमारतीचा पैसा संस्थेनेच उभा करायचा. माजी विद्यार्थी, गाव आणि थोडाफार लोकप्रतिनिधींचा निधी. एकदा बांधलं की पुढची पन्नास वर्षं पुन्हा बांधायची ऐपत नाही. इथे आर्किटेक्ट, शिक्षक, बांधकामातले लोक आहेत. बोला.

चिरेबंदी

बेळगावात आर्किटेक्ट म्हणून काम करतो. नकाशावर नंतर बोलू. आधी हे सांगा की 'सगळंच पाडायचं' हे ठरवलं कोणी? स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितलंय का? दोन वर्गांची भिंत फुगली म्हणजे नऊ खोल्या गेल्या असं होत नाही.

चिऱ्याची भिंत उगाच पोट काढत नाही. पश्चिमेची वळचण आखूड असेल, पन्हळ फुटली असेल किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून आतलं पाणी कोंडलं असेल. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सोडायची वाट बंद केली की मधले सांधे मातीसारखे होतात. मागे कधी गिलावा मारला होता का ते जुन्या लोकांना विचारा.

पर्यावरणाचंच बोलायचं तर उभी भिंत उभी ठेवण्याइतकं स्वस्त आणि स्वच्छ दुसरं काही नाही. तिचं सिमेंट, तिचा दगड, तिची वाहतूक साठ वर्षांपूर्वीच भरून झालीय.

कडोलीकर

मी वाईट बोलणार, आधीच सांगतो. इमारत बघून पोरं येत नाहीत, गाडी बघून येतात. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते आणि तुमची पोरं चार किलोमीटर चालतात. काच निळी लावा नाहीतर सोन्याची. पंधरा वर्षांनी मराठी हायस्कूलला पट किती राहणार याचा अंदाज कोणी केलाय? २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि इथे...

संपादक मंडळ

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे. कृपया इथे इमारतीवरच लिहावे.

दहावी_झाली_एकदाची

मी याच पट्ट्यातल्या एका हायस्कूलमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडले, सध्या पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे. काका लोकांची चर्चा छान चालली आहे, पण मुलींना कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. दोघींनी जायचं, एकीने बाहेरून दार ओढून धरायचं. बादलीत पाणी असलं तर असलं. म्हणून सकाळी डब्याबरोबर बाटली आणायची आणि ती दिवसभर प्यायचीच नाही, म्हणजे जायला लागत नाही. 'त्या' चार दिवसांत निम्म्या मुली घरीच. हजेरीपटात याला 'आजारी' म्हणतात.

दुसरं म्हणजे बस. शक्ती योजना आली (जून २०२३) तेव्हापासून मुली-बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ते फार बरं झालं. पण शाळा साडेचारला सुटते आणि वाडीकडची बस सहाच्या पुढे. दीड तास मुली कुठे बसणार? स्टँडच्या कट्ट्यावर टपोरी पोरं असतात. शाळेला कुलूप लागलेलं असतं. माझ्या दोन मैत्रिणींचं शिक्षण या दीड तासापायी थांबलं. घरच्यांनी नववीनंतर पाठवलंच नाही.

तुम्ही दोन मजले बांधा की तीन, मला त्या दीड तासाची जागा दाखवा.

पडवीतल्या_बाई

दहावी_झाली, शाब्बास पोरी. अठ्ठावीस वर्षं शिकवतेय, पण हे नकाशाच्या बैठकीत बोलायचं धाडस आम्हा बायकांनाही झालं नाही. बैठकीला असतो आम्ही दोघी आणि बाकी सगळे पुरुष.

शिक्षकांच्या बाजूने सांगते. पत्रा अजिबात नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा पडतो की पत्र्याखाली तिसऱ्या बाकापर्यंतही आवाज पोहोचत नाही. मी पत्र्याच्या वर्गात चार पावसाळे नुसतं फळ्यावर लिहून शिकवलंय. कौलांखाली तेवढा त्रास नाही.

आणि मधल्या बोळाच्या इमारतीत दिवसा दिवे लागतात. पावसाळ्यात झाड पडलं की वीज दोन-दोन दिवस नसते. मग वर्ग घेऊन पडवीत बसायचं. तुमच्या नव्या नकाशात तर पडवीच नाही!

चिरेबंदी

बाईंनी नेमकं सांगितलं. आता सविस्तर लिहितो.

उजेडाचा एक ठोकताळा आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची, साधारण तिच्या दुपटीपर्यंत कामापुरता उजेड आत पोहोचतो. खिडकी ७ फुटांवर संपली तर १४ फूट. वर्ग २० फूट रुंद असेल आणि एका बाजूला बोळ असेल, तर बोळाकडची मुलं कायम अंधारात. म्हणून वर्गांची एकेरी ओळ हवी, इमारत पूर्व-पश्चिम लांब आणि खिडक्या उत्तर-दक्षिण. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, फळ्यावर चकाकत नाही. दक्षिणेला पडवी घातली की ऊनही अडतं आणि झडही. समोरासमोर खिडक्या असल्या की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही पंख्यावर भागतं. त्यानंतर सुट्टीच लागते.

पश्चिमेची भिंत कोरी ठेवा. नैर्ऋत्येकडून पावसाचा मार येतो तो तिच्यावर. तिकडे भांडारघर किंवा जिना टाका, वर्ग नको. जुन्या इमारतीत बिघडलेले दोन्ही वर्ग पश्चिमेचेच आहेत, यात सगळं आलं.

दर्शनी काच विसरा. मागे भिंत, पुढे काच, मधे गरम हवा. त्या काचेवर शेवाळ चढलं की धुणार कोण आणि शिडी कुठे लावणार?

पाण्याचा हिशेब. आपल्याकडे लोक म्हणतात, 'एवढा पाऊस, पाणी कशाला साठवायचं?' जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि त्याच पट्ट्यातल्या वाड्या मार्च-एप्रिलमध्ये घागरी घेऊन फिरतात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर ४५० चौरस मीटर धरलं आणि पाऊस मुद्दाम कमी, फक्त १,००० मिलिमीटर धरला, वीस टक्के वाया घालवला, तरी ३,६०,००० लिटर होतात. पिण्याला दीडशे माणसांना रोज ३ लिटर म्हणजे ४५० लिटर. जानेवारीपासून सुट्टी लागेपर्यंत साधारण ८० दिवस शाळा भरते, म्हणजे ३६,००० लिटर. ५ मीटर लांब, ४ रुंद, २ खोल अशी टाकी पुरते. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची तोटी हवी आणि टाकीला झाकण हवं.

संडासाला मात्र हे पाणी पुरणार नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात, म्हणजे रोजचे पावणेसात हजार. ते विहिरीचंच लागेल. शोषखड्डे विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. पुस्तकात सांगतात त्याहून जांभ्यात मी जास्त अंतर ठेवतो. हा दगड चाळणी आहे.

मुलींच्या संडासाचं दहावी_झाली यांनी लिहिलंच आहे. स्वच्छ विद्यालयाच्या निकषात ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असं धरतात. कागदावर तेवढं सगळेच दाखवतात. पाणी आत, कडी आत, वरच्या बाजूला उजेडाची जाळी, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा. या चार गोष्टी नकाशात लिहून सही घ्या, नाहीतर शेवटच्या बिलात त्याच कापल्या जातात.

मिस्त्रीचा_पोरगा

साहेबांचं सगळं बरोबर हाय, खरं एक सांगतो. आमच्या बाबांनी असल्या चार शाळा बांधल्यात. तुम्ही कैचीला (छपराच्या सांगाड्याला) लाकूड म्हणूलालात काय? सागवान आता परवडत नाही आणि जंगली लाकूड वाळवी खाते. कैच्या लोखंडी करा, वर रीप, वर जुनीच मंगळुरी कौलं. कौलं सोडवताना हळू काढली तर दहातली सात-आठ तरी परत चढतात. जेसीबी लावला तर एकबी नाही. कंत्राटदार जेसीबीच लावणार, कारण त्याला दिवस मोजायचे असतात.

चिरे बी तसेच. जुने चिरे उन्हापावसाने कडक झालेले असतात, नव्या खाणीतल्या चिऱ्याला ती ताकद यायला वेळ लागतो. जुने उतरवून, घासून, पायाच्या वरच्या थरांना वापरा.

आणि माकडं! कौलावर माकडं नाचतात, त्याचा विचार केला काय कोणी? वर्षाला एक माणूस चढवून फुटकी कौलं बदलावीच लागतात. आमच्यात हे काम मे महिन्यात करतात. त्याला पैसे ठेवा. पत्रा लोक ह्याच्यासाठीच मागूलालेत बघा, चढायला माणूस मिळत नाही.

चिरेबंदी

मिस्त्री, माणूस मिळत नाही हा मुद्दा बिनतोड आहे. एक भर घालतो. चिरा असो की वीट, भूकंपाच्या पट्ट्या सोडू नका. २०१६ च्या मानकात बेळगाव तिसऱ्या विभागात आहे आणि १९६७ चं कोयना आठवणारे लोक अजून आहेत. जोत्याला, दाराच्या तुळईच्या उंचीवर आणि छपराखाली, तिन्ही ठिकाणी सलग आरसीसीची पट्टी. जुनी भिंत ठेवायची असेल तर निदान वरची पट्टी नव्याने घालता येते. आतल्या नव्या भिंतींना खानापूरची वीट रॅटट्रॅप पद्धतीने, म्हणजे उभी ठेवून मधे पोकळी सोडून लावली तर विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात. लॉरी बेकर या आर्किटेक्टनी केरळात ही पद्धत घरोघरी नेली. फक्त गवंड्याला आधी एक भिंत करून दाखवावी लागते, नाहीतर तो पोकळी मुकाट्याने भरून टाकतो :)

सातासमुद्रापार

नंदगडचा, पण वीस वर्षं अमेरिकेत. दोन उदाहरणं देतो.

कॅन्सास राज्यातलं ग्रीन्सबर्ग नावाचं छोटं गाव ४ मे २००७ ला टोर्नेडोने जवळजवळ ९५ टक्के झोपवलं. शाळाही गेली. लोकांनी तंबूत सभा घेतल्या, आधी गाव कसं हवं ते बोलले, मग नकाशे काढले. नगरपालिकेने ठराव केला की ४,००० चौरस फुटांवरची आपली प्रत्येक इमारत लीड प्लॅटिनम (पर्यावरणपूरक इमारतींचं सर्वात वरचं मानांकन) दर्जाचीच बांधायची. शाळाही त्याच वाटेने नव्याने उभी राहिली.

दुसरं बुर्किना फासोमधलं. फ्रान्सिस केरे बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकत असतानाच पैसे गोळा करून २००१ मध्ये आपल्या जन्मगावात प्राथमिक शाळा बांधली. मातीत थोडं सिमेंट घालून विटा, त्या गावकऱ्यांनीच पाडल्या. वर विटांचं छत आणि त्याच्यावर उचलून धरलेला पत्रा, मधून वारा. २००४ ला आगाखान आणि २०२२ ला प्रित्झकर, हे वास्तुकलेतले मोठे पुरस्कार मिळाले. आपल्या लाल मातीच्या विटा का नकोत? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र' या गटाने १९७४ पासून यावर काम केलंय, हाताने दाबायचं यंत्रही बनवलं.

कडोलीकर

ग्रीन्सबर्गला विमा होता आणि सरकारचा पैसा. आमच्याकडे वर्गणीची पावतीपुस्तकं.

चिरेबंदी

केरेंची शाळा मला फार आवडते, पण तिचं छप्पर इथे आणू नका. तिथे कोरडी उष्णता आहे. आपल्याकडे उचललेल्या पत्र्याखालून आडवा पाऊस थेट आत येईल. उचलायचं असेल तर विटा गावाने पाडल्या ते उचला. ज्याने वीट पाडली त्याला ती दुरुस्तही करता येते.

दाबलेल्या मातीच्या विटांना माझी ना नाही. कुंपणाला, कट्ट्याला वापरून बघा. अख्खी शाळा त्यावर नको, कारण पावसाळ्याआधी त्या पुरेशा मुरवायला मांडवाखाली जागा आणि रोज पाणी मारणारी माणसं लागतात. तेवढी चिकाटी शेवटच्या महिन्यात कुणातच उरत नाही.

निपाणीचा_जमाखर्च

पैशाचं कोणी बोलेना म्हणून मी. कडोलीकरांचा पटाचा प्रश्न कडू आहे पण खरा आहे. पट घटला तर रिकाम्या दुमजली इमारतीला रंग लावायलाही पैसे नसतील. म्हणून लहान बांधा, तेही टप्प्यांनी. पहिल्या टप्प्यात जे धोकादायक आहे तेवढंच. प्रत्येक टप्पा स्वतःच्या पायावर पूर्ण व्हायला हवा. वर सळया काढून ठेवलेल्या अर्धवट शाळा पाहून पाहून कंटाळा आलाय. त्या सळया गंजतात आणि देणगीदारही.

दुसरं, बांधकामाच्या रकमेतून काही भाग मुदत ठेवीत टाकून व्याजातून देखभाल. मिस्त्री म्हणाले त्या कौलांच्या माणसाला तिथून पैसे. हा ठराव पायाभरणीच्या आधी करा. उद्घाटनानंतर कोणी करत नाही.

रोजगार हमीतून सरकारी शाळांची कुंपणं, मैदानं, पाणी मुरवण्याची कामं होतात. तुमची शाळा अनुदानित खासगी आहे, तेव्हा पीडीओंना (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'होईल बघू' वर नकाशा काढू नका.

सौर म्हणाल तर एका किलोवॅटला छपरावर आठ-दहा चौरस मीटर लागतात आणि वर्षाची सरासरी रोज चार युनिटच्या आसपास. तुमच्या पट्ट्यात पावसाच्या महिन्यांत वीज बरीच कमी मिळणार. दोन किलोवॅट पुष्कळ झाले.

जांबोटीफाटा

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या.

इंजिनिअर आणला. पूर्वेकडच्या पाच खोल्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत, पश्चिमेच्या चार जाणार. आणि हो, नव्वदच्या दशकात त्या बाजूला सिमेंटचा गिलावा मारला होता. मारणारा गवंडी अजून आहे, त्यानेच सांगितलं.

दहावी_झाली यांची पोस्ट मी मोबाईलवरून बैठकीत वाचून दाखवली. शांतता. मग एक आजी उठल्या, बैठकीला त्या का आल्या होत्या तेही मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, 'माझी नात बी पाणी पीत नाही.' त्यानंतर काचेचा विषय परत निघाला नाही.

मग आम्ही वेगळंच काम केलं. नकाशा बाजूला ठेवून शाळेच्या आवारात दिवसभरात कोण कोण येतं ते लिहून काढलं. सकाळी साडेपाचला पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं मैदानावर. दुपारी बिसियूट (शाळेतलं दुपारचं जेवण), आणि पलीकडच्या प्राथमिक शाळेची पोरं पाणी प्यायला आमच्याच विहिरीवर. त्या शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही वर्ग आहेत, तेव्हा कन्नड पालकांनाही बोलावलं, तेही आले. सुगीत पडवीत काजू आणि भात वाळतं. निवडणुकीला मतदान केंद्र. पूर आला की खालच्या आळीची दोन-चार घरं इथेच मुक्कामाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर बरेच दिवस. आणि बचत गटाच्या बायका शनिवारी कुठे बसतात? देवळात, म्हणजे सुतक-सोयर असलं की नाही.

त्यातून एक कल्पना निघाली. रस्त्याच्या अंगाला एक मोठी खोली, तिला रस्त्याकडून वेगळं दार, पुढे कट्ट्याची पडवी, शेजारी मुलींचे दोन संडास. शाळेला कुलूप लागलं तरी ही खोली उघडी राहू शकते. दिवसा वाचनालय, साडेचार ते बस येईपर्यंत मुली, सात ते नऊ दहावीचा अभ्यास (दोन किलोवॅट सौरचे दिवे इथेच), शनिवारी बचत गट, पुरात मुक्काम. बस लांबून दिसावी म्हणून खिडकी रस्त्याकडे.

नवे वर्ग फक्त तीन, एकेरी ओळीत.

पडवीतल्या_बाई

ही खोली उत्तम. दोन सूचना. स्वयंपाकघर तिच्याजवळ आणू नका. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागून ९४ मुलं गेली. बिसियूटची चूल आणि सिलेंडर वर्गांपासून सुटे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि प्रत्येक वर्गाची दारं दोन, बाहेर उघडणारी.

प्रयोगशाळेच्या नावाखाली कुलूपबंद खोली नको. नववीच्या वर्गातच भिंतीला ओटा, दोन नळ आणि काचेचं कपाट द्या. प्रयोग तरी होतील.

मिस्त्रीचा_पोरगा

लग्नं लागणार काय त्या खोलीत? आत्ताच ठरवा. आमच्या गावात शाळेच्या हॉलमध्ये लग्नं लावली आणि बाकांचे पाय मांडवाला गेले.

जांबोटीफाटा

यावर जोरात भांडण झालं. भाडं येईल म्हणून निम्मे लोक 'हो' म्हणत होते. शेवटी ठरलं की खोल्या नाहीत, मैदान आणि बाहेरच्या बाजूचे संडास सुट्टीत देऊ, अनामत घेऊन.

कडोलीकर

ठीक. माझी हरकत मागे घेत नाही, पण तीन वर्ग म्हणालात तिथे थोडी कमी करतो. बसचं काय? खोली बांधून बस लवकर येत नाही.

दहावी_झाली_एकदाची

नाही येत. पण खोली असली तर आई पाठवते. फरक आहे, कडोलीकरकाका.

उंबऱ्यांचंही बघा. आमच्या वर्गातला एक मुलगा कुबड्या घेऊन यायचा, त्याला रोज दोघं उचलून घ्यायचे आणि त्याला ते आवडायचं नाही.

चिरेबंदी

उतार एकास बारा. जोतं दोन फूट असेल तर रॅम्प २४ फूट लांब. पडवीच्या लांबीत सहज बसतो, वेगळी जागा नको. संडासापर्यंत तोच न्या. रॅम्प ऑफिसच्या दारात संपवायची आपल्याकडे पद्धत आहे.

निपाणीचा_जमाखर्च

खोलीची किल्ली कोणाकडे राहणार? शिपाई पाचला घरी जातो. हे ठरलं नाही तर सहा महिन्यांत तिथे जुनी बाकं रचलेली दिसतील.

पडवीतल्या_बाई

बचत गटाकडे द्या. त्यांना शनिवारची जागा फुकट, बदल्यात रोज संध्याकाळी आळीपाळीने एकजण बसेल. शिक्षकांवर टाकू नका. आधीच जनगणना, निवडणूक, दूध, अंडी सगळं आमच्याच डोक्यावर आहे.

जांबोटीफाटा

गटाच्या अध्यक्षीणबाई तयार आहेत, फक्त ठराव एक वर्षाच्या मुदतीचा करा म्हणाल्या. शुक्रवारी मांडतो. चिरेबंदीसाहेब, तुमचं कच्चं रेखाटन कमिटीला आवडलं. पंचायतीत परवानगीला देताना काय काय जोडायचं?

मिस्त्रीचा_पोरगा

आणि चिरे दिवाळीपर्यंत सांगून ठेवा. पावसात खाणी बंद असतात, उघडल्या की सगळे एकदम तुटून पडतात. कौलं उतरवायला मी येतो, जेसीबीवाल्याला सांगू नका.

चिरेबंदी

जागेचा उतारा, संस्थेचा ठराव, इंजिनिअरचा अहवाल आणि नकाशाच्या प्रती. किती प्रती ते पीडीओंना विचारा. नकाशावर विहीर, शोषखड्डे आणि उताराची दिशा दाखवली आहे का ते बघून घ्या. उत्तरेचा बाणही. कंत्राटदाराच्या नकाशावर तो कुठेच नव्हता.